हाडे पाठ झाली, पाऊल समजेना: पायाची रचना आणि चाल यांचा अभ्यास गावात राहून कसा करावा?

पाऊलवाट

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच रुग्णांची तक्रार गुडघ्याच्या खालची असते. कोणाची टाच दुखते, कोणाचा घोटा वारंवार मुरगळतो, तर कोणाला कुरूप झालेले असते. म्हणून गेल्या दिवाळीपासून मी पोडियाट्री, म्हणजे पाऊल आणि पायाचा खालचा भाग यांचे शास्त्र, पद्धतशीरपणे वाचायला घेतले आहे.

पाऊलभर 26 हाडे आहेत, त्यांचे 33 सांधे आहेत, तळव्यात स्नायूंचे चार थर आहेत, हे सर्व आता पाठ झाले आहे. चालण्याच्या एका आवर्तनात पाय सुमारे 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के वेळ हवेत असतो, हेही मी झोपेतून उठून सांगू शकेन. अडचण त्यापुढची आहे. पुस्तकातला माणूस बूट घालून ट्रेडमिलवर सपाट चालतो. माझी रुग्ण मात्र काळ्या मातीच्या ढेकळांवरून चालते, उकिडवी बसून निंदण करते आणि संध्याकाळी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन घरी येते. हाडांचे पुस्तक आणि चालीचे पुस्तक माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कपाटांत राहतात.

एक उदाहरण देते. साठीच्या एका बाईंच्या उजव्या चवड्याला करंगळीच्या बाजूने घट्टा पडला आहे आणि तिथे दुखते. त्यांची उजवी चप्पल त्याच जागी झिजली आहे, तर अंगठ्याखालचा भाग जवळजवळ नवा आहे. मी "पाऊल बाहेरच्या कडेवर पडते" अशी नोंद केली आणि तिथेच अडकले. तसे ते का पडते, हे मला सांगता येत नाही.

इथे शवविच्छेदनाची सोय नाही आणि चाल मोजणारी प्रयोगशाळाही नाही. अशा ठिकाणी हा अभ्यास कसा करावा, यावर अनुभवी सभासदांनी लिहावे ही विनंती.

खडा_सवाल

आमच्या आजोबांनी नव्वद वर्षे अनवाणी शेती केली आणि त्यांना आपल्या पायात 26 हाडे आहेत हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. पायाला काटा रुतला तर काढायचा, एवढे शास्त्र पुरेसे नाही का?

जुनी_कवटी

खडा_सवाल, आजोबांना हाडे ठाऊक असण्याची गरज नव्हती, कारण ती त्यांच्या पायात होती. पाऊलवाट ताईंना ती दुसऱ्याच्या पायात शोधायची आहेत.

मी तीस वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त होऊन गावी शेती पाहतो. ताई, आधी पुस्तक मिटा आणि धुतले जाणारे शाईचे पेन घेऊन स्वतःच्या पायावर हाडे काढा. आतल्या घोट्याच्या खाली बोटभर अंतरावर जी कड हाताला लागते, ती टाचेच्या हाडाची फळी होय आणि तिच्यावर टॅलस, म्हणजे नडगी आणि टाच यांच्या मधले घोट्याचे हाड, टेकलेले असते. तिथून थोडे पुढे आल्यावर जो उंचवटा लागतो तो नॅव्हिक्युलरचा, आणि पावलाच्या बाहेरच्या कडेवर साधारण मधोमध जे टोक लागते ते पाचव्या मेटाटार्सलचे, म्हणजे करंगळीमागच्या लांब हाडाचे, बूड. या तीन खुणा डोळे मिटून सापडू लागल्या की बाकीचे पाऊल त्यांच्याभोवती आपोआप उभे राहते.

नावांना घाबरू नका. ज्यांनी ती ठेवली त्यांनीही घरातल्या वस्तूच पाहिल्या होत्या. नॅव्हिक्युलर म्हणजे छोटी नाव. क्युनिफॉर्म म्हणजे पाचरीच्या आकाराचे, कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतो तशीच पाचर. तीन पाचरी शेजारी शेजारी ठोकल्यामुळे पावलाची आडवी कमान उभी राहते, हे नावातच सांगितले आहे. अंगठ्याखालच्या दोन बारीक हाडांना सेसमॉइड म्हणतात, म्हणजे तिळासारखी. पोटरीच्या मोठ्या स्नायूचे ग्रीक नाव गॅस्ट्रोक्नेमियस म्हणजे पायाचे पोट, आणि आपल्या "पोटरी" शब्दातही पोट दिसतेच.

टॅलससाठी मात्र एक संध्याकाळ राखून ठेवा. या हाडाला एकही स्नायू चिकटत नाही. वरून नडगी, खालून टाच आणि पुढून नॅव्हिक्युलर जसे ढकलतील तसे ते वळते. त्याचा बराचसा पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असल्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी मिळते, म्हणून ते मोडले तर जुळायला त्रास देते. शिवाय त्याचा वरचा भाग पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. उकिडवे बसताना रुंद भाग घोट्याच्या खाचेत घट्ट बसतो. चवड्यावर उभे राहिलो की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. नांगरलेल्या शेतात पाय बहुधा उतरताना, पाऊल खाली झुकलेले असतानाच का मुरगळतो, त्याचे निम्मे उत्तर इथे आहे. झाली की नाही दोन कपाटे एक?

सोळाशे_मीटर

सर, तुमचा प्रतिसाद वाचून मी बाजेवर बसून पायावर चित्र काढले. आईने विचारले की मेंदी काढतो आहेस का.

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी पोलीस भरतीची तयारी करतो. आम्ही दहा-बारा मुले पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर धावतो. माझ्या मोठ्या भावाला एका भरतीत सपाट पाय म्हणून बाहेर काढले. त्या वेळी तो सोळाशे मीटरमध्ये आमच्यात पहिला यायचा आणि त्याचा पाय कधी दुखलाही नव्हता. सपाट पाय हा खरोखरच दोष आहे का? दुसरे म्हणजे, आमच्यातील तिघांच्या नडग्या आतून दुखतात, त्याचा पावलाशी संबंध असतो का?

थेम्सकाठी_वऱ्हाडी

मी मूळचा अकोला जिल्ह्यातील असून सध्या इंग्लंडमध्ये पोडियाट्रीची पदवी घेत आहे. इथे हा तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही स्वतःला पोडियाट्रिस्ट म्हणवून घेता येत नाही. आपल्याकडे हेच काम अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कृत्रिम अवयव तयार करणारे तंत्रज्ञ आणि मधुमेहाचे डॉक्टर यांच्यात वाटले गेले आहे, त्यामुळे पाऊलवाट ताईंना अख्खे पाऊल एका जागी सापडत नाही, यात त्यांचा दोष नाही.

सोळाशे_मीटर, सपाट पायांचे दोन प्रकार ध्यानात ठेवा. भावाला सरळ उभे करून त्याच्या पायाचा अंगठा हाताने वर उचला. कमान वर आली तर तो लवचीक सपाट पाय होय, आणि दुखत नसेल तर त्यावर बहुधा काहीही करावे लागत नाही. कमान जागची हललीच नाही, तर मात्र हाडांचे जुळलेपण किंवा सांध्यातील ताठरपणा शोधावा लागतो. भरतीचे नियम निराळे, शरीराचे निराळे. लहान मुलांत तर सपाट पाऊल ही नेहमीचीच गोष्ट आहे, कारण कमान वयाच्या पहिल्या दशकात हळूहळू घडते. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले गेले. त्यात पादत्राणे वापरणाऱ्या मुलांमध्ये सपाट पाय 8.6 टक्के, तर अनवाणी मुलांमध्ये 2.8 टक्के आढळले. हा अभ्यास दक्षिण भारतातला आहे. इथल्या वर्गात तो आला तेव्हा मला आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे मैदान आठवले.

नडगीविषयी सांगायचे तर बोटाने दाबून पाहा. दुखणे आतल्या कडेने चार-पाच बोटे पसरलेले असेल तर हाडाच्या कडेवर ओढ पडते आहे; धावणे कमी करावे आणि डांबराऐवजी मातीवर धावावे. दुखणे एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा भरती पुढच्या वर्षीही असते हे लक्षात घेऊन डॉक्टरांकडे जावे.

सोळाशे_मीटर

भावाचा अंगठा उचलला. कमान वर आली. तो मात्र चिडला, कारण तो झोपलेला होता आणि त्याला त्यासाठी उठून उभे राहावे लागले.

रापी_आरी

आमचे घराणे चपला करणारे. अचलपूरकडे आमचे दुकान होते. आता मी आठवडी बाजारात बसतो. शास्त्र मला येत नाही, पण झिजलेली चप्पल पाहून आमचे आजोबा माणूस ओळखायचे, त्यातले थोडे मलाही येते.

पाऊलवाट ताई, टाचेची मागची, बाहेरची कड झिजलेली दिसली तर घाबरू नका. शंभरातील बहुतेक चपला तिथेच झिजतात. तुम्ही मात्र चवड्याची बाहेरची बाजू झिजल्याचे सांगता, आणि अंगठ्याखाली झीज नाही म्हणता. चालणारा माणूस शेवटी अंगठ्यावर जोर देऊन पाय उचलतो, म्हणून तिथे चपलेत खळगा पडतोच पडतो. तो पडला नसेल तर ती बाई अंगठा वाचवते आहे. कशासाठी वाचवते ते तुम्ही शोधायचे. आजोबा म्हणत की झीज कुठे आहे हे कोणीही सांगतो, झीज कुठे नाही ते पाहावे.

जुनी_कवटी

रापी_आरी, तुम्हाला शास्त्र येत नाही हे वाक्य मागे घ्या. टाच टेकल्यावर शरीराचा भार बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, मग चवड्यावरून आत वळतो आणि अंगठ्यातून बाहेर पडतो. प्रयोगशाळेत लाखो रुपयांच्या पट्टीवर ही रेषा काढतात. तुमच्याकडे ती चपलेवर आयती काढून येते.

वाटाड्या

मी वनखात्यात काम करतो आणि पाऊलठसे पाहणे हा माझ्या नोकरीचा भाग आहे, म्हणून थोडे अवांतर वाटले तरी लिहितो. वाघाच्या ठशात जी गादी दिसते तिला लोक टाच समजतात. ती टाच नव्हे. वाघ बोटांवर चालतो आणि त्याची खरी टाच मागच्या पायात बरीच वर, हवेत असते. बैल तर त्याहून पुढे जाऊन बोटांच्या टोकावर, म्हणजे खुरांवर चालतो. पोळ्याला बैल सजवताना त्याच्या मागच्या पायाचा जो "उलटा गुडघा" दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे, आणि मागे आलेले टोक म्हणजे टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो.

माणसासारखी अख्खी टाच टेकून चालणारे आमच्या जंगलातले मोठे जनावर म्हणजे अस्वल. त्याच्या मागच्या पायाचा ठसा पाहून नवीन मजूर "इथून कोणीतरी अनवाणी गेले" असे सांगतात. फरक असा की माणसाचे सर्वांत मोठे बोट आतल्या बाजूला असते, तर अस्वलाचे आतले बोट सर्वांत लहान असते.

खडा_सवाल

म्हणजे अंगठ्याखाली चप्पल न झिजणाऱ्या त्या बाई अस्वलासारख्या चालतात, असे निदान करावे काय?

वाटाड्या

रुग्णाविषयी असे बोलू नये. तरी उपमा अगदीच चुकीची नाही. अस्वल अंगठ्यावरून पाय उचलत नाही.

पाऊलवाट

माझे कुतूहल वाढले आहे. वऱ्हाडी दादा, मी वाचलेल्या पुस्तकात सबटॅलर, म्हणजे टॅलसच्या खालच्या, सांध्याची "तटस्थ" (ना आत ना बाहेर वळलेली) स्थिती शोधून तिच्यावरून सगळे मोजायला सांगितले आहे. मी एकाच रुग्णाचे पाऊल सकाळी आणि दुपारी मोजले तर दोन वेगळी उत्तरे आली. माझी चूक कुठे होते?

थेम्सकाठी_वऱ्हाडी

चूक तुमची एकटीची नाही. हा विचार अमेरिकेतील मर्टन रूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात मांडला आणि कित्येक वर्षे अख्खे पोडियाट्री शिक्षण त्यावर उभे होते. टॅलसच्या खालच्या सांध्याचा अक्ष जमिनीशी सरासरी 42 अंश कललेला आणि पावलाच्या मध्यरेषेपासून सुमारे 16 अंश आत झुकलेला असतो, हे त्याआधी 1941 मध्येच मॅन्टर यांनी मोजले होते. तिरक्या बिजागरीवर बसवलेले दार उघडताना वरही उचलले जाते, तसे या तिरक्या अक्षामुळे पाऊल एकाच वेळी तीन दिशांना वळते. ते आत कोसळते त्याला प्रोनेशन आणि उलट फिरते त्याला सुपिनेशन म्हणतात. इथपर्यंत वाद नाही.

वाद पुढे आहे. तटस्थ स्थिती दोन तपासणाऱ्यांना सारखी सापडत नाही, आणि निरोगी माणसेही त्या आदर्शाप्रमाणे चालत नाहीत, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. अक्ष प्रत्येकात निराळाही असतो. म्हणून आता प्रश्न "पाऊल आदर्शापासून किती दूर आहे" असा न विचारता "कोणत्या ऊतीवर पेलवणार नाही इतका ताण येतो आहे" असा विचारतात. परीक्षेत मात्र रूट यांचा विचार लिहावाच लागतो, कारण प्रश्नपत्रिका काढणारे त्याच्यावर वाढले आहेत.

जुनी_कवटी

वऱ्हाडींशी सहमत, पण एक भर घालतो. सिद्धान्त बदलतात, दोर बदलत नाहीत. तळव्यातील जाड पडदा, म्हणजे प्लांटार फॅशिया, टाचेपासून निघून बोटांच्या बुडाशी जातो. हिक्स यांनी 1954 मध्ये दाखवले की अंगठा वर वळला की हा पडदा चवड्याच्या हाडाभोवती गुंडाळला जातो, टाच आणि चवडा जवळ ओढले जातात आणि कमान उंचावते. त्याला त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ रहाट. ज्यांनी विहिरीवर रहाट ओढला आहे त्यांना हे वेगळे समजवावे लागत नाही. पाऊल जमिनीवर पडताना मऊ असावे लागते, म्हणजे ढेकळांशी जुळवून घेता येते, आणि उचलताना कडक व्हावे लागते, म्हणजे ढकलता येते. एकाच अवयवाने अर्ध्या सेकंदात मऊचे कडक व्हायचे, हा सगळा विषय आहे, आणि रहाट हा त्याचा एक मोठा भाग आहे.

आडव्या कमानीचेही तसेच आहे. कवेलू सपाट असते तर मांजर चालली तरी फुटले असते. गोलाईमुळे ते भार पेलते. 2020 मध्ये मधुसूदन वेंकदेसन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पावलाच्या लांबीतील कडकपणाचा 40 टक्क्यांहून अधिक भाग या आडव्या कमानीमुळे येतो. आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे फक्त आतली लांब कमान शिकवत राहिलो, याची आता थोडी लाज वाटते.

धानाची_रोवणी

गोंदिया जिल्ह्यातून लिहितो. आमच्याकडे पावसाळ्यात बाया दिवसभर चिखलात वाकून, मागे मागे सरकत रोवणी करतात. रात्री त्यांना कमरेइतक्याच पोटऱ्या दुखतात. कंबर दुखणे समजते, पण पाय तर सरळ असतात, मग पोटऱ्या कशाने दुखतात? आणि बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांवर काही उपाय असेल तर तोही सांगावा.

पाऊलवाट

दादा, याचे उत्तर मी देण्याचा प्रयत्न करते. चुकले तर सरांनी दुरुस्त करावे. नुसते उभे असतानाही शरीराचा भार घोट्याच्या थोडा पुढून जातो, त्यामुळे आपण पुढे पडू नये म्हणून पोटरीतील खोलवरचा सोलियस स्नायू सतत ताणून धरलेला असतो. माणूस कमरेतून वाकला की भार आणखी पुढे, चवड्याकडे सरकतो आणि त्या स्नायूचे काम वाढते. त्यात चिखलात टाच रुतते आणि प्रत्येक पाऊल ओढून काढावे लागते. म्हणजे दिवसभर त्या बाया पोटऱ्यांनी दोर धरून उभ्या असतात. मध्येमध्ये बांधावर येऊन टाचा टेकून उकिडवे बसल्याने आराम का वाटतो, तेही यातूनच समजते.

चिखल्या म्हणजे बेचक्यांतील कातडी भिजून राहिल्याने झालेला बुरशीचा संसर्ग. पाय धुऊन बेचक्या कोरड्या करणे हाच पहिला उपाय आहे. कातडी फाटली असेल आणि मधुमेह असेल तर घरी औषध करू नये.

जुनी_कवटी

दुरुस्तीला जागा नाही. तुम्ही नकळत दोन्ही कपाटे उघडलीत.

गावची_आशा

मधुमेहाचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्या गावातील एक काका चप्पल पायातून निसटली तरी कळले नाही म्हणून तसेच घरी आले. तळव्यात बाभळीचा काटा चार दिवस होता. पाय दुखत नाही, म्हणजे पाय चांगला आहे, असे ते मला ठामपणे सांगत होते. अशा पायांविषयी या शास्त्रात काय सांगितले आहे?

प्लास्टर_पट्टी

ताई, तुमच्या प्रतिसादातील "दुखत नाही" हे दोन शब्द मी भिंतीवर लिहून ठेवले पाहिजेत. मी कृत्रिम अवयव आणि आधारपट्ट्या तयार करण्याचे काम करतो.

आपल्या विदर्भाला हा धडा कुष्ठरोगाने फार आधी शिकवला. वर्ध्याजवळचे दत्तापूर, वरोऱ्याचे आनंदवन यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात असा समज होता. वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की संवेदना गेल्यामुळे माणूस स्वतःच्या नकळत पायाला इजा करत राहतो, आणि पाय त्या इजांनी जातो. त्यातूनच मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपलांचा वापर वाढला. मधुमेहाच्या बधिर पायालाही हेच लागू आहे.

रचना आणि यांत्रिकी यांची गाठ इथे सर्वांत स्पष्ट दिसते. मज्जातंतू खराब झाले की तळव्यातील लहान स्नायू दुबळे होतात. बोटे वाघनखासारखी आकडतात. ती आकडली की चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते आणि हाडांची टोके उघडी पडतात. चालताना दर पावलाला जमीन आपल्या वजनाच्या सुमारे 1.1 ते 1.2 पट जोराने वर ढकलते. 50 किलोची बाई डोक्यावर 20 किलोची मोळी घेऊन निघाली तर हा जोर 80 किलोच्या आसपास जातो, आणि पाय उचलण्याच्या क्षणी तो सगळा त्या उघड्या टोकांवर पडतो. जखम चवड्याखालीच का होते, याचे उत्तर स्नायूंच्या थरांत आहे. म्हणून ते थर पाठ करायचे, परीक्षेसाठी नव्हे.

आशाताई, 10 ग्रॅमच्या जोराला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून काकांना डोळे मिटून विचारा. धागा वाकूनही कळले नाही, तर त्या जागेचे रक्षणाचे भान गेले आहे. तोपर्यंत रोज रात्री सुनेने किंवा नातवाने तळवे पाहावेत, चप्पल घालण्यापूर्वी झटकावी आणि उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नये. देव रागावत नाही, फरशी मात्र भाजते.

खडा_सवाल

मी काल रात्री आईचे तळवे पाहिले. तिला आठ वर्षांपासून साखर आहे. डाव्या टाचेच्या भेगेत वाळलेले रक्त होते आणि तिला ते माहीत नव्हते. सोमवारी तालुक्याला नेतो आहे. पहिला प्रतिसाद मागे घेतो.

गावची_आशा

दादा, सोमवारपर्यंत भेगेत राख, हळद, तूप काहीही भरू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे कापड बांधा. लाली, सूज किंवा वास आला तर सोमवारची वाट पाहू नका.

थेम्सकाठी_वऱ्हाडी

प्लास्टर_पट्टी, पाऊलवाट ताईंच्या मूळ प्रश्नातील दुसरी बाजू, म्हणजे पुस्तकातला बूटवाला माणूस, यावर तुम्हीच लिहावे.

प्लास्टर_पट्टी

त्याचे सर्वांत चांगले उत्तर जयपूर फूट हे आहे. पूर्वीचा परदेशी कृत्रिम पाय बुटात घालायचा होता आणि त्याचा घोटा घट्ट होता. तो लावून शेतकऱ्याला उकिडवे बसता येत नव्हते, मांडी घालता येत नव्हती, चिखलात उतरता येत नव्हते. त्यामुळे लोक तो घरी ठेवून कुबड्यांवर यायचे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी रबराचा, सर्व दिशांना वाकणारा, अनवाणी चालता येईल असा पाय घडवला. सेठी यांना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मा यांचे नाव आमच्या वर्गातही एका ओळीत आटोपले. रापी_आरी यांनी ते जरूर लक्षात ठेवावे.

सांगायचे ते हे की पुस्तक चुकीचे नाही, त्यातला माणूस फक्त दुसऱ्या गावचा आहे. चालताना घोटा 10 अंश वर वाकला तरी भागते; टाच टेकून उकिडवे बसायला त्याच्या दुपटीहून अधिक लागते. सतत उकिडवे बसणाऱ्या लोकांच्या नडगीच्या आणि टॅलसच्या पुढच्या कडेवर घर्षणाच्या वेगळ्या खुणा तयार होतात आणि जुन्या सांगाड्यांतही त्या सापडतात. आपली हाडे आपल्या बसण्याची नोंद ठेवतात.

पाऊलवाट

आठवडाभराने परत लिहिते आहे. सर्वांचे आभार मानण्याआधी हिशोब देते.

महालक्ष्म्यांच्या वेळी आम्ही मुठीच्या कडेने लक्ष्मीची पावले उमटवतो. मुठीचा आकारच असा की प्रत्येक पावलाला उंच कमान येते. लक्ष्मीला सपाट पाय परवडत नसावेत. त्यावरून सुचले आणि मी शेजारच्या बारा बायांचे ओल्या पायाचे ठसे सारवलेल्या अंगणात घेतले, खडूने त्यांच्या कडा आखल्या आणि प्रत्येकीची चप्पल शेजारी ठेवली. ठसा, चप्पल आणि पाय एकत्र पाहिल्यावर मला पहिल्यांदा प्रश्न पडायला लागले. याआधी फक्त उत्तरे पाठ होती.

आतल्या घोट्यामागून जाणारे स्नायूंचे दोर, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचा क्रम माझ्या कधीच लक्षात राहत नव्हता: टिबियालिस पोस्टिरियर, डिजिटोरम, धमनी, शीर, नर्व्ह, हॅल्युसिस. इंग्रजीतील क्लृप्ती मला परकी वाटते, म्हणून मी आपली तयार केली: "टिनावर डिंक धुवून शिरपतीने नाहक हात पोळले."

सोळाशे_मीटर

शिरपती कोण?

पाऊलवाट

शिरपती कोणीही नाही. परंतु मे महिन्यात टिनाला हात लावणारा माणूस विसरला जात नाही.

आता त्या बाईंविषयी. रापी_आरी काकांचे वाक्य लक्षात ठेवून मी घट्टा सोडून अंगठा तपासला. डावा अंगठा साठ अंशांच्या वर सहज वळतो. उजवा वीस अंशांवर अडतो, सांध्याच्या वरच्या बाजूला हाडाची गाठ हाताला लागते आणि जोर दिला की बाई पाय मागे घेतात. विचारल्यावर म्हणाल्या, "तो तर दहा वर्षांपासून आखडला आहे, त्याचे काय सांगायचे?" उभे करून अंगठा उचलला तर कमान हलली नाही.

म्हणजे सरांचा रहाट अडकला आहे. अंगठ्यातून पाय उचलता येत नाही, म्हणून त्या भार बाहेर नेतात, आणि घट्टा त्या वाटेवर पडला. मी ज्याला कारण समजत होते, तो त्यांनी दहा वर्षांत शोधलेला उपाय होता.

जुनी_कवटी

उत्तम. आता तो घट्टा नुसता कापून टाकून त्यांना घरी पाठवू नका.

प्लास्टर_पट्टी

सहमत. अंगठा वाकत नसेल तर चपलेने वाकण्याचे काम करावे. तळ कडक हवा आणि चवड्याखाली नावेच्या तळासारखा किंचित गोल, म्हणजे पाऊल अंगठा न वळवता पुढे लोटले जाईल. एक्स-रेही काढून घ्या; सांधा किती गेला आहे ते कळेल.

पाऊलवाट

एक्स-रेसाठी चिठ्ठी दिली आहे. तशी चप्पल मात्र इथे कुठे मिळेल?

रापी_आरी

मिळत नाही, करावी लागते. तिची रोजचीच चप्पल पाठवा, नवी नको. पायाने आपली जागा तिच्यात केलेली आहे. दोन्ही पायांची पाठवा, नाहीतर उंचीत फरक पडेल. टायरचे रबर लावून मी गोलाई काढीन. फक्त अंगठ्याचा सांधा चपलेवर कुठे येतो, तिथे तुमच्या त्या पेनने रेघ मारून द्या. गोलाई रेघेच्या बोटभर मागून सुरू करावी लागते, पुढून केली तर उपयोग नाही. बुधवारच्या बाजारात मी वडाखाली बसतो.